वडिलांच्या नावाची नळी

आमच्या कामाचं घोडं पहिल्यांदा पेंड खाऊ लागलं ते एका शब्दापाशी. कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा आजार, हात थरथरायला लागण्याच्या आधीच माणसाच्या तोंडातल्या पाण्यावरून ओळखता येईल का, असा तो प्रकल्प होता. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी तंत्रज्ञ आहे. वसई-विरारकडचे नमुने गोळा करायचं काम माझ्या पदरात पडलं, कारण मी इथलीच. माहेर वसईला समुद्राकडच्या वाडीत, आणि लग्नानंतर फ्लॅट विरारला बोळिंजमध्ये. संमतीपत्राचं मराठी करायलाही मलाच बसवलं. तिथे प्रश्न पडला की 'थुंकी' लिहायचं की 'लाळ'?

थुंकी म्हटलं की आपल्याकडे माणसाला टीबीच आठवतो. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासतात ती टीबीसाठी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लाळ म्हटलं तर ती तान्ह्या बाळाची, कुत्र्याची, नाहीतर लाळ्या झालेल्या गुराची. मोठ्या माणसाला लाळ असते हे मोठ्या माणसांना मान्यच नाही. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी 'थुंकी' लिहून मोकळी झाले.

त्याचं फळ लगेच मिळालं. एव्हरशाईन सिटीत एका निवृत्त बँकवाल्यांकडे गेले होते, आमच्या यादीतले पहिलेच पेशंट. त्यांच्या बायकोने दार उघडलं, मी हौसेने म्हटलं, "थुंकीचा नमुना घ्यायला आलेय." बाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "अहो हळू बोला ना, प्लीज! समोरच्यांनी ऐकलं तर उद्या अख्ख्या सोसायटीत होईल, आमच्याकडे टीबी आहे म्हणून. मुलीचं जमतंय आत्ता कुठे." मी ओशाळून म्हटलं, तसं नाही हो, नुसती लाळ. तर आतल्या खुर्चीतून ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या शर्टाच्या गळ्याला आतून जाड फडकं शिवलेलं होतं आणि ते ओलं होतं. सावकाश एकेक शब्द गोळा करत ते म्हणाले, "मी काय लहान बाळ आहे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी दोन्ही शब्द सोडले आणि 'तोंडातलं पाणी' म्हणायला लागले.

घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "इतकी वर्षं ऑफिसात साहेबाची थुंकी झेलणारे बघितले, पगारी थुंकी झेलणारी तूच पहिली." हसले मीही. तेव्हा हसू येत होतं.

काम दिसायला सोपं. माणसाने सकाळी उठून तासभर काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत, तंबाखू-मिश्री तर अजिबात नाही. मग मान खाली घालून बसायचं आणि तोंडात जमेल ते आपोआप नळीत पडू द्यायचं. खाकरायचं नाही, थुंकायचं नाही. नळी बर्फाच्या डब्यात ठेवून आमच्या गाडीने मुंबईला. तिथे आम्ही त्यात एक प्रोटीन शोधायचो. ते प्रत्येकाच्याच अंगात असतं, पण या आजारात त्याची घडी चुकते, आणि चुकलेलं एक शेजारच्या दुसऱ्यालाही आपल्यासारखं चुकवतं. नमुना एका यंत्रात घालून तासन् तास हलवत ठेवायचा. चुकलेलं काही असेल तर पडद्यावरची रेघ हळूहळू वर चढायला लागते. नसेल तर ती आडवीच राहते. ही पद्धत अजून कच्ची आहे, हे आमच्या प्रमुख मॅडम दर मीटिंगला बजावायच्या. निरोगी माणसाची रेघही कधी चढते, पेशंटची कधी आडवी राहते. म्हणून निकाल कुणालाही सांगायचा नाही, असा नियम होता. माणसांना नावं नव्हती, नळ्यांना क्रमांक होते.

पेशंटांच्या जोडीला निरोगी माणसंही लागतात, ताडून बघायला. त्यांना 'कंट्रोल' म्हणतात. बायका पटापट मिळाल्या. सत्तरीच्या पुढचे धडधाकट पुरुष मिळेनात. धडधाकट पुरुषाला वाटतं, मला काही झालेलंच नाही तर मी कशाला नळीत लाळ गाळू? मला माझे वडील आठवले. त्र्याहत्तर वर्षांचे. रोज पहाटे मोगरा आणि सोनचाफा खुडून घेणार, विड्याच्या पानांची पाटी बांधणार, आणि स्कूटरच्या पुढ्यात सगळं ठेवून वसईच्या बाजारात जाणार. त्यांना 'कंट्रोल' समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे रेशनचा तांदूळ!" जुन्या माणसांना कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. "जन्मभर कंट्रोलचा खाल्ला, आता मीच कंट्रोल झालो." आमच्या घरची बोली वेगळी आहे, बाहेरच्याला चटकन कळायची नाही. इथे मी ती बरीच सोपी करून लिहिते आहे.

आई तिथेच वाल सोलत बसली होती. म्हणाली, "माजी नको का?"

"बायका पुरे झाल्यात गं," मी म्हटलं. हे वाक्य मी सहज बोलले. पुढे ते मला किती वेळा ऐकू आलं हे मी सांगू शकत नाही.

रविवारी सकाळी डबा घेऊन वाडीत गेले. आदल्या दिवशी फोनवर तीनदा बजावलं होतं, पान खायचं नाही. वडिलांना उठल्या उठल्या पान लागतं, तंबाखू घालून, स्वतःच्याच वेलीचं. विचारलं, "काही घेतलं नाही ना तोंडात?" त्यांनी मान हलवली. मी नळी हातात दिली आणि समोर बसले, कारण नमुना देताना समोर बसायचं हाही नियमच. ते नळीकडे बघत नुसते बसून राहिले. मग आईकडे बघून पुटपुटले, "लेकीसमोर लाल गालू?"

पटलं मला. माझ्या जन्मात मी वडिलांना कधी बनियनवर जेवायला बसलेलं पाहिलं नाही. ओटीवरून उठले आणि विहिरीकडे जाऊन उभी राहिले. पाणी उपसायच्या मोटरच्या आवाजात पाच-सात मिनिटं मोबाईल बघितला असेल. आईने हाक मारली. नळी भरली होती, अगदी खुणेपर्यंत. बहुतेकांची अर्धीसुद्धा होत नाही. मी खूश झाले, वर सत्तेचाळीस क्रमांकाची पट्टी लावली. पहिली पट्टी बर्फाच्या ओलीने सुटली म्हणून दुसरी लावावी लागली. म्हणून तो क्रमांक डोक्यात राहिला. नाहीतर राहिला नसता, आणि हे काही लिहायची वेळ आली नसती.

दोनेक महिन्यांनी यंत्रावर बसणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मॅडमनी मला तिच्या जागी बसवलं. नियमाने नमुने आणणाऱ्याने यंत्रावर बसू नये. पण चार माणसांच्या प्रयोगशाळेत नियम वाकवावे लागतात. दुपारी पडद्यावर रेघा बघत होते. आडव्या, आडव्या, एक चढती, पुन्हा आडव्या. मग अजून एक चढायला लागली, थांबेचना. क्रमांक बघितला. सत्तेचाळीस.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तोच नमुना पुन्हा लावला, दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. रेघ तिन्ही वेळा चढली.

मॅडमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्या एवढंच म्हणाल्या असत्या की ही पद्धत कच्ची आहे, तू यातली आहेस, तुला कळायला हवं. कळतच होतं. पण कळणं वेगळं आणि आपल्या बापाची रेघ चढताना बघणं वेगळं. मी ठरवलं, बोलायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. खरंच काही असेल तर ते दिसेलच, आणि दिसलं की लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. लवकर कळावं यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

मग मी दर शनिवार-रविवार माहेरी जायला लागले. सोबत एक वही. वडिलांना वाटलं लेकीला बापाची माया आली. मी त्यांना डोळ्यांत तेल घालून बघत होते. कपबशी उचलताना हात हलतो का. चालताना दोन्ही हात झुलतात का. पावलं घासतात का. चेहऱ्यावरचं हसू कमी झालंय का. ते पाटीवर लावायच्या चिठ्ठ्या लिहितात, त्यातली एक मी ढापून आणली आणि अक्षर बारीक झालंय का ते भिंगाखाली बघितलं. या आजारात अक्षर बारीक होतं. त्यांचं अक्षर मुळातच मुंगीएवढं. आठवड्याला एकदा सोनचाफ्याचं फूल मागून त्यांच्या नाकाजवळ धरायचे, कारण या आजारात वास आधी जातो. एकदा ते खेकसले, "चाफा हाय, चाफा! पन्नास वर्सं विकतोय!"

वहीत मी लिहीत गेले. 'चहाची वाट बघताना चिडले. चहा यायला फार वेळ लागला.' 'आमटी करपली म्हणून आरडाओरडा केला, चिडचिड वाढली आहे.' 'झोप नीट होत नाही, म्हणाले, तुझी आय झोपेत ओरडते नि लाथा मारते, मना जाग येते. झोप अपुरी.' 'गजरे बाजारात न्यायचं बंद केलं, नुसती सुटी फुलं नेतात. कामातला रस कमी?' पान पान भरून असलं. हे वाचून कुणाच्याही लक्षात येईल ते माझ्या येत नव्हतं. आणि मी यातली.

मला सगळ्यात जास्त भीती स्कूटरची होती. वसईच्या बाजारातली गर्दी, त्या रिक्षा, त्या बस, आणि त्यात एक दिवस ऐन वळणावर यांचा हात अडला तर? सांगून ऐकणाऱ्यातले ते नव्हेत. एका रविवारी निघताना मी खुंटीवरची किल्ली पर्समध्ये टाकली आणि बोळिंजला घेऊन आले. फोन आला. मी म्हटलं, "माझ्याकडेच आहे, नि माझ्याकडेच राहील. आता वय झालं तुमचं. रिक्षाने जा."

"कोनी सांगितलं वय झालं?"

"मी सांगते."

फोन ठेवला त्यांनी. आठवडाभर ते रिक्षाने गेले. मग फुलांना उशीर होतो, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, म्हणून एक दिवसाआड जायला लागले. मग शेजारच्या वाडीवाल्याच्या टेम्पोत फुलं द्यायला लागले आणि स्वतः घरी बसले. तीन महिन्यांत ते म्हातारे झाले. खुर्चीत बसून अंगणाकडे बघत राहायचे, विचारलं तर एका शब्दात उत्तर. मी ते सगळं वहीत लिहिलं. 'मंदपणा. उदासी. चेहरा कोरा.' जे मीच केलं होतं ते मी लक्षण म्हणून लिहून घेत होते. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

शेवटी मी एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि शनिवारी सकाळी माहेरी जाऊन धडकले. वडील खुर्चीत होते. आई खाली बसून फुलं निवडत होती. मी म्हटलं, तयार व्हा, जाऊन यायचं आहे. कुठे, तर डॉक्टरकडे. कशाला, तर सहज. सहज डॉक्टरकडे कोण जातं? वडिलांचा आवाज चढला, माझाही चढला. आमच्या दोघांचा स्वभाव एकच, त्यामुळे आमच्या भांडणाला उतार नसतो. "माजी गाडी नेलीस," ते म्हणाले. "माजं बाजारात जाणं बंद केलंस. गावात लोक इचारतात, लेकीनं घरी बसवला का तुला? मना झालंय काय, तेवडं तरी सांग!"

आणि मी डोक्यात राख घालून बोलून गेले. "तुमचा नमुना वाईट आला! ती नळी तुम्ही दिलीत ना, ती! सगळ्यांच्या रेघा आडव्या नि तुमची चढते! तीनदा बघितलं मी, तीनदा! आठ महिने झाले, माझ्या जिवाला घोर लागलाय आणि तुम्ही विचारता झालंय काय!"

नियम मोडला होता. जे कुणालाही सांगायचं नाही ते मी अंगणात ओरडून सांगितलं होतं. वडील माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी आईकडे बघितलं. आईने त्यांच्याकडे. आणि वडील हसायला लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मांडीवर थाप मारून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"अगं बाय," आई म्हणाली, तीही हसतच, "ती यांची नवती. ती मी भरली."

मला कळेचना.

"यांनी पयाटेलाच पान खाल्लं होतं. तू तीनदा बजावलेलं, ओरडशील म्हनून घाबरले. तू हिरीकडं गेलीस ना, तवा मना म्हनाले, भर तू. मी भरली."

"तू भरलीस? अगं, नाव त्यांचं होतं वर!"

"मग काय झालं? चाळीस वर्सं मी यांच्या उष्ट्या ताटात जेवते. त्यांची थुकी नि माजी थुकी येगली का?"

असा आमच्या घरचा हिशोब. माणसं एका ताटातली, म्हणजे तोंडंही एकच. संमतीपत्रात आम्ही पंधरा सूचना लिहिल्या होत्या. आपल्या नळीत दुसऱ्याने थुंकू नये, ही सूचना कुणाला सुचलीच नव्हती. मुंबईत बसलेल्या कुणाला सुचायचीही नाही. पण मला सुचायला हवी होती. मी त्याच ताटांची भांडी घासत मोठी झाले.

"तुज्या बापाची तर अर्दीपण नसती झाली," आई म्हणाली. "मना काय, येल नाय लागला. हल्ली तोंडात पानी भरूनच असतं."

वडील अजून हसत होते. "बगितलंस? मना काय नाय! फुकट बसवलंस घरी! आन माजी किल्ली, आन!" मला म्हणत होते, आईला म्हणत होते. आणि मग ते हसायचे थांबले. एकदम नाही. आधी आवाज गेला, मग तोंड तसंच उघडं राहिलं, मग त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं.

मीही बघितलं. आई मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. डावा हात भराभर चालत होता. उजवा सुपाच्या काठावर ठेवलेला होता, आणि त्याचा अंगठा पहिल्या बोटावर आपोआप घासला जात होता, एका लयीत, गोळी वळावी तसा. हे मी शेकडो पेशंटांत नाही, पण पुस्तकात आणि डझनावारी घरांत पाहिलं होतं. आईने आमच्या नजरा बघितल्या आणि तो हात पदराखाली घेतला. ज्या सवयीने घेतला त्यावरून कळलं की हे ती पहिल्यांदा करत नव्हती.

त्या दुपारी मी ओटीवर बसून वही पहिल्या पानापासून वाचली. 'चहा यायला फार वेळ लागला.' चहा आई करते. 'आमटी करपली.' करपल्याचा वास तिला आला नव्हता. 'तुझी आय झोपेत ओरडते नि लाथा मारते.' स्वप्नात हातपाय झाडणं हे या आजाराचं कितीतरी वर्षं आधीचं लक्षण आहे, हे मी स्वतः दोनदा नव्या मुलांना शिकवलं आहे. आणि मी काय लिहिलं होतं, तर बापाची झोप अपुरी. गजरे बंद झाले, कारण गजरे आई ओवायची. आठ महिने मी एका माणसाच्या आजाराची नोंद दुसऱ्याच्या नावावर करत होते. नळीत झाली ती चूक त्यांची. वहीत झाली ती निव्वळ माझी. मला रडू आलं, आणि रडूसुद्धा आतल्या आत दाबावं लागलं, कारण आतून आई विचारत होती, चहा ठेवू का.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. समोर बसले नाही, क्रमांक ओळखला, निकाल सांगितला. तिन्ही गोष्टी त्यांनी कागदावर लिहून घेतल्या. सत्तेचाळीस क्रमांक यादीतून बाद केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नमुना देणारी व्यक्ती वेगळी.' मला बाहेरच्या कामावरून काढलं आणि फ्रीजच्या नोंदी ठेवायला बसवलं. जाताना त्या म्हणाल्या, "आईंना नेऊन दाखव. आणि त्या रेघेबद्दल डॉक्टरांना काही सांगू नकोस. त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे."

स्कूटरची किल्ली मी वडिलांना परत दिली. त्यांनी हात पुढे केला नाही. "ठेव तितं," म्हणाले आणि खुंटीकडे बोट दाखवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तिला कधी न्यायचं, ते बोल." त्यांचा स्वतःचा नमुना अजूनही कुणी घेतलेलाच नाही, हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं.

डॉक्टरांकडे तिघंही गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, लग्नाला जावं तशी. डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी आईला बोटं उघडमीट करायला सांगितली. डाव्या हाताची होत होती. उजव्या हाताची चार वेळा झाली आणि मग लहान लहान होत थांबली. आईने हाताकडे बघितलं, जणू दुसऱ्याच्या घरचं पोर मधेच रुसलंय. मग चालायला सांगितलं. दारापर्यंत गेली आणि आली. उजवा हात झुलत नव्हता, अंगाला चिकटून होता. वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते, आईची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. ते तिच्या पावलांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, बहुधा पावलं मोजत असावेत.

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि माझ्याकडे वळले. माझं काम काय ते मी आल्या आल्या सांगितलं होतं, थोडं मिरवतच. जुनी सवय. ते म्हणाले, "तुम्ही याच विषयात आहात, म्हणजे माझं काम सोपं झालं. घरच्यांच्या साधारण लक्षात येत नाही, पण तुम्ही नक्की टिपलं असेल. पहिल्यांदा काय दिसलं, आणि कधी?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तारखा होत्या, वार होते, भरलेली अख्खी वही होती. आईबद्दल सांगण्यासारखं त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं, जे होतं ते वडिलांच्या तक्रारींत होतं.

"तिला नका इचारू," आई म्हणाली. रागाने नाही. लेकीला अडचणीतून सोडवावं तशी ती मधे पडली. "तिला नाय ठाव. तिचं ध्यान बापावर होतं. मी सांगते ना. वाल सोलत होते, उजव्या हाताला शेंग फुटंना. मग मी डाव्या हातानं सोलले. ह्यांची थुकी न्यायचं ती ठरवीत होती बगा, त्या दिवशी. माज्या समोरच बसली होती."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.